पाळीव सापाच्या पेटीत काय अंथरावं?

साप चोवीस तास पोटावरच असतो. पेटीत जे अंथरलं असेल ते त्याच्या खवल्यांना सतत लागून असतं आणि त्याच्या नाकपुड्या त्यापासून जेमतेम बोटभर वर. शिवाय तो जिभेने वासाचे कण टिपून टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे पोचवत असतो. त्यामुळे अंथरुणातला ओलावा, धूळ आणि वास यांच्यापासून त्याची सुटका नसते. अंथरूण सतत ओलं राहिलं तर पोटाचे खवले कुजायला लागतात. फार कोरडं असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच चिकटून राहतो. म्हणून दुकानातलं पाकीट किती छान दिसतं हा विचार अगदी शेवटी करा.

आधी सापाची गरज ओळखा

दोन गोष्टी माहीत हव्यात: तुमच्या सापाला किती आर्द्रता लागते, आणि तो बिळात घुसणारा आहे का.

बॉल पायथनचंच बघा. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातला. तिथली हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते, म्हणून याला कोरडी पेटी चालेल असं अनेकांना वाटतं. पण हा साप दिवस काढतो तो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत, आणि तिथे बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त दमटपणा असतो. म्हणून त्याच्या पेटीत ६० ते ८० टक्के आर्द्रता ठेवतात. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के पुरते. केनियन सँड बोआ आणि वेस्टर्न हॉगनोज ३० ते ५० टक्क्यांत खूश असतात, पण दोघांनाही अंग झाकून घेता येईल इतकं खोल अंथरूण हवंच. ब्राझिलियन रेनबो बोआला मात्र ७५ टक्क्यांच्या खाली नेऊ नका.

पेटीतली आर्द्रता डिजिटल हायग्रोमीटरने मोजा. हात लावून काढलेला अंदाज हमखास चुकतो.

मग नको त्या वस्तूंवर फुली मारा

सीडार या वासाच्या लाकडाचा भुसा कधीही नको. त्याच्या उग्र वासामागची तेलं सापाच्या श्वासमार्गाला आणि त्वचेला त्रास देतात. पाइन भट्टीत वाळवलेलं असेल तर चालतं असं काही जण सांगतात, पण चांगले पर्याय उपलब्ध असताना नवख्याने ही जोखीम घेऊ नये. मांजरांच्या शौचपेटीतली माती, मक्याच्या कणसाचे दाणेदार तुकडे, अक्रोडाच्या कवचाचा चुरा आणि 'कॅल्शियम सँड' हेही बाद. भक्ष्यासोबत हे पोटात गेलं तर आतडं अडू शकतं, आणि अक्रोडाच्या कवचाला तर धारदार कडा असतात. खडे काहीच शोषत नाहीत, घाण त्यांच्या तळाशी जाऊन कुजते. खत किंवा कीटकनाशक मिसळलेली कुंडीतली माती आणि सुगंधी बेडिंगही टाळा.

उरलेल्यांतून निवड

कोरड्या हवेतल्या सापांसाठी अॅस्पेन लाकडाचे छिलके उत्तम. साप त्यात बोगदा करतो आणि तो बोगदा ढासळत नाही. कॉर्न स्नेक आणि हॉगनोज यांचा हा अगदी आवडता खेळ. पण अॅस्पेन ओलं झालं की त्याला बुरशी येते, त्यामुळे बॉल पायथन किंवा रेनबो बोआसाठी ते घेऊ नका.

दमट पेटीसाठी नारळाच्या सोडणापासून बनलेले दोन प्रकार मिळतात: बारीक कोकोपीट आणि जाडसर तुकडे. कोकोपीट ओलावा छान धरून ठेवतं, पण सुकलं की धूळ उडते. तुकड्यांमुळे धूळ कमी होते, मात्र पिल्लाला त्यात वावरणं अवघड जातं. दोन्ही मिसळून वापरलं तर बहुतेक अडचणी सुटतात, आणि बॉल पायथनसाठी मी हेच सुचवेन. सायप्रस मल्च, म्हणजे सायप्रस झाडाच्या लाकूड-सालीचा चुरा, हाही दमटपणा चांगला टिकवतो. खत नसलेली माती आणि धुतलेली वाळू सुमारे ६०:४० प्रमाणात मिसळली तर बीळ टिकेल असं घट्ट अंथरूण तयार होतं. सँड बोआसाठी वाळूचं प्रमाण वाढवा, पण नुसती सुटी वाळू नको.

किती लागेल?

साध्या सापांना ५ ते ८ सेंटीमीटर थर पुरतो, बिळात घुसणाऱ्यांना निदान १० सेंटीमीटर. लांबी, रुंदी आणि थराची उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा, की लिटर मिळतात. १२० × ६० च्या पेटीत ८ सेंटीमीटर थर हवा असेल तर सुमारे ५८ लिटर. ऐन वेळी कमी पडलं म्हणून पातळ थरावर भागवू नका.

ओलावा नेमका कसा ठेवायचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कोकोपीटची वीट कोमट पाण्यात भिजवा, फुलून सुटी झाली की मूठभर घेऊन जोरात दाबा. पाण्याचे थेंब पडले तर ती फार ओली आहे. पसरून वाळू द्या. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटाने टोचताच फुटला, तर बरोबर.

नंतर ओलावा वाढवायचा असेल तर वरून फवारत बसू नका. फवाऱ्याने वरचा थर भिजतो, आर्द्रता तासाभरापुरती वाढते आणि साप ओल्यावर झोपतो. त्याऐवजी पेटीच्या कोपऱ्यांत हळूहळू पाणी ओता. ते तळाशी पसरतं, खालचा थर ओलसर राहतो आणि वरचा कोरडा. थंड बाजूला अंथरुणात बोट खुपसून पाहिलं की हा फरक लगेच कळतो.

सापाचे डोळे निळसर-दुधाळ दिसू लागले की कात टाकायची वेळ जवळ आली. अशा वेळी भोक पाडलेल्या झाकणाच्या डब्यात ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरून ठेवा. कोरड्या प्रदेशातल्या सापांनाही याचा फायदा होतो, आणि त्यासाठी अख्खी पेटी दमट करावी लागत नाही.

उष्णतेचा धोका

पेटीखाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) असेल तर जाड थर घातक ठरू शकतो. उष्णता काचेजवळ कोंडते. वरून हात लावला तर अंथरूण थंड लागतं, म्हणून माणूस तापमान वाढवतो, आणि खाली घुसलेला साप थेट तापलेल्या काचेवर पोट टेकून पडतो. भाजेपर्यंत तो तिथून हलेलच याची खात्री नसते. म्हणून थर्मोस्टॅटचा (तापमान आवरणाऱ्या उपकरणाचा) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, अंथरुणाखाली, काचेला लागून बसवा. जाड थरच हवा असेल तर उष्णता वरून द्या.

साप नवा असेल तर आधी कागद

नवा साप घरी आला की पहिले एक-दोन महिने त्याला कोऱ्या पांढऱ्या टिश्यू पेपरवर ठेवा. पेटी ओकीबोकी दिसते हे खरं, पण पांढऱ्या कागदावर अंगावरच्या गोचिडीसारख्या बारीक किड्यांचे काळे ठिपके चटकन दिसतात, पातळ विष्ठा लपत नाही आणि रक्ताचा थेंबही नजरेतून सुटत नाही. लपायला दोन बंदिस्त जागा दिल्या की सापाची फारशी तक्रार नसते. आजारी किंवा जखमी सापालाही कागदच बरा.

साफसफाई

विष्ठा आणि तिच्यासोबतचा पांढरा खडूसारखा युरेट दिसला की त्याच दिवशी आजूबाजूच्या अंथरुणासकट उचला. कागद घाण होताच बदला. सुटं अंथरूण साधारण महिना-दीड महिन्याने पूर्ण बदलावं. अमोनियाचा वास यायला लागला असेल तर आधीच उशीर झाला आहे. पेटी रिकामी करून पातळ केलेल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. नव्या अंथरुणात जुन्यातलं स्वच्छ मूठभर मिसळा, म्हणजे ओळखीचा वास राहून साप लवकर स्थिरावतो. साप साल्मोनेला हे रोगजंतू बाळगून असू शकतात, तेव्हा काम संपल्यावर साबणाने हात धुवा, आणि पेटीतली भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नेऊ नका.

खायला घालताना भक्ष्य चिमट्याने द्या किंवा सपाट ताटलीवर ठेवा, म्हणजे अंथरूण तोंडात जाणं बरंच टळतं. तरीही एखादा छिलका ओठाला चिकटला तर घाबरून ओढू नका. बहुतेक वेळा साप जबडा घासून तो स्वतःच काढतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातून बुडबुडे किंवा पोटावर तांबूस डाग दिसले, तर अंथरूण बदलण्यावर न थांबता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा.