साप्ताहिकाची वर्गणी भरण्याआधी डिसेंबरचा अंक शोधून काढा

ताजा अंक चाळून साप्ताहिक निवडलं की वर्षभर अंकांची रद्दी साचते. नवा अंक सगळ्यांचाच चकचकीत दिसतो.

१. नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी) एखाद्या वाचनालयात किंवा रद्दीवाल्याकडे मागच्या डिसेंबरचे अंक शोधा.
२. नागपुरातल्या हिवाळी अधिवेशनावर काय छापलंय ते वाचा. विदर्भातला कापूस, संत्री, सिंचन यांवर प्रश्न काय आले, उत्तर काय मिळालं हे आहे, की नुसत्या हुरडा पार्ट्या अन् मोर्च्यांचे फोटो? माझ्या यादीतली दोन नावं इथंच गळाली.
३. इतक्या महिन्यांनी पुरता वाचावासा वाटणारा एक तरी लेख सापडला, तरच वर्गणी भरा.

वर्गणीसोबत भेट मिळणाऱ्या बॅग-घड्याळाच्या लोभानं तीन वर्षांचे पैसे एकदम भरू नका. अंक टपालानं वेळेवर येतो का, हे आधी कळू द्या.