यारोचे ठोंब आत्ताच फोडून घ्या, बियांचं नंतर बघू

यारो म्हणजे शेवंतीच्या कुळातलं, चपट्या फुलांचं, बुडातून पुन्हा पुन्हा फुटणारं बागेतलं झाड. थंडी ओसरायला लागली आणि यारोच्या बुडाशी नवे हिरवे फुटवे दिसले की समजायचं, ठोंब फोडायची वेळ आली. दोन-तीन वर्षं एकाच जागी असलेलं झाड असेल तर हे काम पुढे ढकलू नका, कारण एकदा का फुलांचे दांडे वर चढले की मग फोडलेल्या रोपाला मुळं धरायची का दांडे पोसायचे हेच कळत नाही आणि अशी रोपं पटापट माना टाकतात. जिथे उन्हाळा लवकर तापतो तिथे हे थंडीच्या सुरुवातीलाच उरकलेलं जास्त चांगलं, मुळांना पूर्ण थंडी मिळते. आणि जिथे जमीन गोठते तिथे शरदात करायचं असेल तर गोठायच्या निदान दीड महिना आधी करा.

आदल्या दिवशी ठोंबाला भरपूर पाणी द्या, वाळके दांडे कापून टाका, मग वीतभर लांबून चारी बाजूंनी फावडं घालून अख्खा ठोंब उचला आणि माती झटकून नीट बघा. मधला भाग करडा, कडक झालेला असतो, फुटवा तिथे जवळपास नसतोच. खरा जीव कडेला असतो, तिथे जमिनीखालून आडव्या पसरलेल्या पांढरट मुळ्या दिसतील आणि त्यांच्या डोळ्यांतून वर आलेले बारीक पानांचे कोवळे झुपके. एकेका तुकड्यावर तीन-चार फुटवे आणि मूठभर बारीक मुळं येतील असं हाताने किंवा धारदार सुरीने वेगळं करा. मधला जुना भाग फेकून द्यायचा, त्याचा मोह नको, बरेच जण मोठा तुकडा म्हणजे मोठं झाड असं समजून तोच परत लावतात आणि मग वर्षभर वाट बघत बसतात.

तुकडे आधी होते तितक्याच खोल लावा, दोन रोपांत 30 ते 45 सेंमी अंतर, उंच जातींना 60 सेंमी. दाटी केली की हवा खेळत नाही आणि भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, आलीच म्हणून समजा. पहिले दोन-तीन आठवडे माती ओलसर ठेवा, रोपाने जीव धरला की पाणी कमी करत जा, कारण एकदा रुजलेला यारो कोरडं सहन करतो पण मुळाशी साचलेलं पाणी नाही. जमीन चिकण असेल तर वाफा उंच करा.

आता खताचं. शेणखत, गांडूळखत, युरिया, जे काही घालायला हात शिवशिवत असतील ते कृपया दुसऱ्या झाडांना घाला! हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत आणि दिवसाचे किमान सहा तास उन्हात यारो ताठ उभा राहतो. नत्र जास्त मिळालं की दांडा भराभर वाढतो, मऊ पडतो आणि ऐन फुलांच्या वेळी झाड आडवं होतं, मग काठ्या रोवत बसावं लागतं. सावलीतही हेच होतं. काळजी म्हणून घातलेलं खतच ह्या झाडाला बाधतं.

बियांपासून होत नाही असं नाही, होतं, पण गुलाबी किंवा लाल फुलांच्या जातीचं बी पेरलं तर तोच रंग येईल याची खात्री नाही. आवडता रंग जपायचा तर ठोंब फोडा किंवा बुडातल्या कोवळ्या फुटव्याचं 8-10 सेंमीचं कटिंग वाळू आणि कोकोपीटमध्ये सावलीत लावा, साधारण तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. बी पेरायचंच असेल तर लक्षात ठेवा की ते फार बारीक असतं आणि त्याला उगवायला उजेड लागतो, वरून माती टाकू नका. ट्रेमध्ये ओल्या मातीवर भुरभुरवा, तळहाताने हलकं दाबा, झारीने न घालता स्प्रेने पाणी द्या. तापमान 18 ते 24 अंश असेल तर एक-दोन आठवड्यांत उगवण दिसते. फुलं मात्र कधी कधी दुसऱ्या वर्षीच.

जागा विचार करून ठरवा. साधा यारो, म्हणजे अचिलिया मिलेफोलियम, जमिनीखालून पसरतो आणि मुळीचा छोटासा तुकडा राहिला तरी परत फुटतो, त्यामुळे उपटलेल्या मुळ्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. छोट्या बागेत कुंडी बरी, किंवा पिवळ्या फुलांची, चंदेरी पानांची मूनशाइन नावाची यारोची जात घ्या, ती फारशी पसरत नाही, फक्त दमट उकाडा तिला अजिबात मानवत नाही.

भाजीपाला करणाऱ्यांनी बांधाच्या कडेला, जिथे नांगर-कुदळ चालत नाही अशा पट्ट्यात यारो जरूर लावावा. त्याच्या चपट्या फुलांवर सिरफिड माशा (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या छोट्या माशा), लेडीबर्ड, बारीक परोपजीवी गांधीलमाश्या येतात आणि सिरफिडच्या अळ्या मावा फस्त करतात. म्हणूनच यारोवर थोडा मावा दिसला म्हणून लगेच कीटकनाशक मारू नका, पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. भुरी आलेली पानं मात्र काढून लांब टाका.

फुलं करपायला लागली की दांडा खालच्या बाजूच्या कळीपर्यंत कापा, दुसरा बहर मिळतो आणि बी पडून नको तिथे उगवतही नाही. सुकवायला फुलं पूर्ण उमलल्यावर कापून, जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगा. हे सगळं करताना हातमोजे घाला, शेवंतीच्या कुळातल्या झाडांची ज्यांना ॲलर्जी असते त्यांना याच्या रसाने पुरळ उठू शकतं, आणि कुत्रा, मांजर किंवा घोडा असेल तर कापलेला पाला त्यांच्या तोंडी लागेल असा पडू देऊ नका, त्यांना तो विषारी आहे.