झ्लात्ना, आब्रुद, रोशिया मोंताना : सोन्याची गावं त्यांच्या माणसांमागून कशी पाहावीत

रोमानियात आलेले आपले लोक ब्रानचा किल्ला बघतात, ब्राशोवच्या चौकात फोटो काढतात आणि परतीचं विमान पकडतात. क्लुजला माझ्याकडे कुणी मुक्कामाला आलं की मी त्यांना पश्चिम रोमानियातल्या आपुसेनि डोंगरात, या तीन गावांना नेते. तिथे रोमनांच्याही आधीपासून सोनं काढलं जायचं. माझं शिक्षण भूशास्त्राचं. पुण्याच्या आसपासच्या दगडखाणींत स्टिल्बाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक शोधत मी वाढले, त्यामुळे खनिजांची ओढ मला कुणी शिकवावी लागली नाही. तरीही ही गावं खनिजांच्या मागे लागून पाहू नका असंच मी सांगते. सोनं बहुतेक केव्हाच बाहेर गेलं. तिथे जन्मलेली, राबलेली, मारली गेलेली माणसं मात्र अजून ठायीठायी भेटतात. त्यांचा माग काढत गेलात तर गाव उलगडतं; एरवी दिसतो तो खणून टाकलेला डोंगर आणि काही पडकी घरं.

आधी तयारीचं. रोमानिया आता पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांना वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. मे ते ऑक्टोबर हा काळ चांगला. हिवाळ्यात घाटरस्त्यांवर बर्फ साचतो. गाडी भाड्याने घ्या. आल्बा यूलियाहून आब्रुदला बस जाते, पण वाटेत उतरत उतरत जायचं असेल तर बसचा उपयोग नाही. दोन दिवस काढा आणि रोशिया मोंतानात एक रात्र राहा. रोमानियातली बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार टाळा. रोशियातल्या भूमिगत खाणी उघड्या आहेत का, हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. उन्हाळ्यातही स्वेटर हवा, आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट हवेतच.

शाकाहारी असाल तर ‘दे पोस्त’ हे दोन शब्द पाठ करा. ऑर्थोडॉक्स उपवासाचं जेवण असा त्याचा अर्थ, म्हणजे त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं. दूध चालत असेल तर ‘मामालिगा कु ब्रिन्झा शि स्मिन्तिना’ मागा : मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वर खारट चीज आणि साय. मांसाहार करणाऱ्यांनी या डोंगरातले ‘विर्श्लि’ नावाचे सॉसेज खाऊन बघावेत.

सुरुवात आल्बा यूलियाच्या ताराकृती किल्ल्यापासून करा. त्याच्या तिसऱ्या दरवाजाच्या वर एक अरुंद कोठडी आहे. होरियाला तिथे ठेवलं होतं असं सांगतात. १७८४ मध्ये याच डोंगरातल्या भूदासांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला. होरिया, क्लोश्का आणि क्रिशान हे त्यांचे पुढारी. क्रिशानने तुरुंगात गळफास लावून घेतला. होरिया आणि क्लोश्काला २८ फेब्रुवारी १७८५ रोजी इथेच चाकावर हाडं मोडून मारलं, आणि ते बघायला गावोगावच्या शेतकऱ्यांना मुद्दाम आणून उभं केलं होतं. दरवाजासमोरचा उंच स्तंभ १९३७ चा. पुढच्या रस्त्यावर तुम्हाला क्लोश्काचं गाव लागणार आहे, म्हणून त्याचं नाव इथेच मनात ठेवा.

इथून झ्लात्नाचा रस्ता आम्पोय नदीच्या काठाने जातो. झ्लात्नाच्या अलीकडे प्रेसाका आम्पोयुलुयजवळ रस्त्यालगत एक दगडी स्तंभ दिसेल. गाड्या त्याच्यासमोरून भरधाव निघून जातात. तुम्ही थांबा. ऑक्टोबर १८४८ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत, हंगेरियन आणि रोमानियन एकमेकांवर उठलेले असताना, झ्लात्ना पेटलं, आणि तिथून आल्बा यूलियाकडे निघालेल्या शेकडो हंगेरियन गावकऱ्यांची, बायकामुलांसकट, इथे कत्तल झाली. स्तंभ १८९९ चा. त्यावर ‘पाक्स’, म्हणजे शांती, असं कोरलंय. त्या कत्तलीत आईवडील गमावलेलं झ्लात्नाचं एक लहान मूल वाचलं, ते बेला लुकाच. त्याचा जन्म १८४७ चा. पुढे, हा भाग हंगेरीच्या राज्यात असताना, तो हंगेरीचा व्यापारमंत्री झाला. तीनच वर्षांनी त्याच गावात जन्मलेला लास्लो लुकाच १९१२ मध्ये थेट पंतप्रधान झाला. एवढ्याशा खाणगावाने एक मंत्री आणि एक पंतप्रधान दिला, तो अशा काळात. दुसऱ्या, म्हणजे रोमानियन बाजूचे मृतही तितकेच खरे आहेत, आणि ते याच रस्त्यावर पुढे भेटतात. म्हणून एका स्तंभापाशी उभं राहून निकाल देऊन मोकळं होऊ नका.

झ्लात्ना गावात फार वेळ घालवू नका. रोमनांच्या काळी हे आम्पेलुम, दाकिया या रोमन प्रांतातल्या सोन्याच्या खाणींचा कारभार जिथून चालायचा ते ठिकाण. आमच्या पिढीला ते आठवतं तांब्याच्या भट्टीसाठी. तिच्या धुराने आसपासचे डोंगर अनेक वर्षं उघडेबोडके होते; आता भट्टी बंद आहे आणि हिरवळ परतते आहे. पण भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे हात जोडावेत असं एक कारण आहे. गावाजवळच्या फात्सा बायि इथल्या मारियाहिल्फ खाणीतल्या खनिजाने सगळ्यांना चक्रावून सोडलं होतं. दिसायला धातू, पण ते ना अँटिमनी ना बिस्मथ. ट्रान्सिल्वानियाच्या खाणींचा अधिकारी फ्रान्झ योसेफ म्युलर याने १७८२ मध्ये त्यात नवंच मूलद्रव्य असल्याचं ओळखलं. १७९८ मध्ये बर्लिनच्या क्लाप्रोथ या रसायनशास्त्रज्ञाने त्याला टेल्युरियम हे नाव दिलं आणि श्रेय म्युलरलाच दिलं. हल्ली काही सौरपट्ट्यांत कॅडमियम टेल्युराइडचा थर असतो. त्यातल्या टेल्युरियमची कहाणी या दरीत सुरू झाली.

आब्रुद हे बाजाराचं गाव. खाणमालकांनी पैसा इथे आणून घरं बांधली, आणि मधल्या चौकाभोवती ती ऐट अजून दिसते, रंग उडालेले असले तरी. चौकातून सावकाश एक फेरी मारा, कॉफी घ्या. आलेक्सांद्रु श्तेर्का-शुलुत्सियु १७९४ मध्ये इथेच जन्मला. रोमानियन ग्रीक-कॅथलिक (विधी ऑर्थोडॉक्स, पण पोपला मानणाऱ्या) चर्चला १८५३ मध्ये स्वतःचं महाधर्मपीठ मिळालं, त्याचा तो पहिला प्रमुख. ज्या समाजाला राज्याच्या सभेत बसायलाच जागा नव्हती, त्याच्यासाठी हे केवढं मोठं होतं ते ध्यानात घ्या. मे १८४९ मध्ये हंगेरियन फौज वाटाघाटी चालू असताना आब्रुदमध्ये घुसली. रोमानियनांचा एक पुढारी, पेत्रु दोब्रा, इथेच मारला गेला आणि इओन बुतेआनुला पकडून पुढे फाशी दिलं. त्यानंतर सुडाने पेटलेल्या डोंगरकऱ्यांच्या हातून गावातले हंगेरियन रहिवासी मेले. प्रेसाकाचा स्तंभ बघून आलेल्याने हे सगळं इथे, चौकात बसून आठवावं.

आब्रुदहून कम्पेनिच्या रस्त्याला लागा. कर्पिनिश हे क्लोश्काचं जन्मगाव याच रस्त्यावर. आज ते रोशिया मोंतानाच्याच ग्रामपंचायतीत मोडतं. गुरा रोशियेय इथून उजवीकडे वळलात की ओढ्याच्या काठाने रस्ता वर चढतो. ओढ्याचं पाणी तांबूस-नारिंगी आहे. जुन्या खाणींतून झिरपणारं आम्लयुक्त पाणी लोह घेऊन येतं, त्याचा हा रंग. त्याला हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका.

रोशिया मोंतानात पोहोचलात की आधी खाणकामाच्या संग्रहालयात जा, कारण इथली सगळ्यात जुनी माणसं तिथे भेटतात. १७८६ ते १८५५ दरम्यान इथल्या जुन्या बोगद्यांत मेण लावलेल्या लाकडी पाट्या सापडल्या. त्यांवर टोकदार लेखणीने लॅटिनमध्ये व्यवहार लिहिलेले आहेत. रोमनांनी या खाणगावाला आल्बुर्नुस मायोर म्हटलं. ते नाव पाटीवर ६ फेब्रुवारी १३१ या तारखेसह येतं. मूळ पाट्या निरनिराळ्या शहरांतल्या संग्रहालयांत गेल्या आहेत. मी पाहुण्यांना त्यातल्या तिघांचा मजकूर घरून निघतानाच कागदावर उतरवून देते. तुम्हीही तसंच करा, कारण खाली बोगद्यात फोन चालत नाही आणि वाचायचं तिथेच आहे.

पहिला मेम्मियुस, आस्क्लेपियुसचा मुलगा. २० मे १६४ रोजी त्याने ऑरेलियुस आदियुतोरकडे सोन्याच्या खाणीत कामाला राहण्याचा करार केला. १३ नोव्हेंबरपर्यंतच्या कामाचे ७० दिनार ठरले, तेही हप्त्याने. मालकाची मर्जी नसताना काम सोडलं तर दिवसाला ५ सेस्टर्स दंड (चार सेस्टर्स म्हणजे एक दिनार). खाणीत पाणी भरून काम अडलं तर तेवढी मजुरी कापणार. पण मुदत संपल्यावर मालकाने पैसे थकवले, तर तीन दिवसांच्या सवलतीनंतर त्यालाही तोच दंड! मेम्मियुसला लिहिता येत नव्हतं, म्हणून फ्लाक्कुस सेकुंदिनुसने त्याच्यासाठी लिहिलं, आणि तसं स्वच्छ नमूदही केलं.

दुसरी पास्सिया. वय सुमारे सहा वर्षं. १७ मार्च १३९ रोजी मॅक्सिमुस बातोनिसने तिला दासियुस वेर्झोनिसकडून २०५ दिनारांना विकत घेतलं. मेम्मियुसची जवळपास सहा महिन्यांची मजुरी ७० दिनार, हे शेजारी ठेवून वाचा.

तिसरा आर्तेमिदोरुस. तो एका अंत्यविधी-मंडळाचा प्रमुख होता. सभासद वर्गणी भरत, मेल्यावर मंडळ अंत्यविधीचा खर्च करत असे. ९ फेब्रुवारी १६७ रोजी त्याने जाहीर केलं की ५४ सभासदांपैकी १७ च गावात उरलेत, तिजोरीत काही नाही, तेव्हा मंडळ बरखास्त. त्या सुमारास डॅन्यूबच्या पलीकडच्या टोळ्यांशी युद्ध पेटत होतं. पाट्या बहुधा तेव्हाच लोकांनी बोगद्यांत लपवल्या. आर्तेमिदोरुसच्या पाटीत गाव रिकामं होताना दिसतं, आणि गावातली आजची बंद दारं बघताना मला हीच पाटी आठवते.

हा कागद हातात घेऊन दीडशेच्या आसपास पायऱ्या उतरून ओर्लेआ डोंगराच्या पोटातल्या रोमन बोगद्यात जा. बोगद्याचा आडवा छेद वर अरुंद आणि खाली रुंद किंवा त्याच्या उलट, पण कडा सरळ आणि रेखीव. टॉर्च भिंतीला घासून तिरपा धरा. छिन्नीचे घाव एकाच कोनात, ओळीने उमटलेले दिसतात, आणि मधूनमधून दिवा ठेवायला कोरलेला छोटा कोनाडा. दारूगोळ्याआधीचं काम आहे हे. या डोंगरांत असे सात किलोमीटरांहून जास्त प्राचीन बोगदे आहेत.

वर आलात की अंगणातलं ‘श्तेआम्प’ बघा : पाणचक्कीवर चालणारं लाकडी मुसळांचं यंत्र. आपल्याकडे उखळात भात कांडतात तसं यात दगड कांडून पूड करायचे, मग पाण्याने धुवून जड सोनं वेगळं करायचे. हा उद्योग घरोघरी होता. त्याला पाणी लागायचं म्हणून डोंगरात बांध घालून तळी केली. त्यातलं ताउल मारे सगळ्यात मोठं. संध्याकाळी तिथपर्यंत चालत जा. शहरातल्या पाहुण्यांना ही चाल सगळ्यात जास्त आवडते.

गावात पाच पंथांची चर्च आहेत. ग्रीक-कॅथलिक चर्चपाशी सिमियोन बालिंतची कबर शोधा. तो इथला धर्मगुरू, १८४८-४९ मध्ये डोंगरकऱ्यांच्या तुकडीचा पुढारी. गावकऱ्यांशी बोलायला मिळालं तर मिहायिला ग्रित्ताबद्दल विचारा. हा इथलाच खाणमालक. श्रीमंत झाल्यावर त्याने चर्च आणि शाळा बांधल्या. त्याला सोनं कसं लागलं याच्या कहाण्या घरागणिक बदलतात.

चेतातेचा उघडा खड्डाही बघा, लांबून का होईना. सरकारी खाण २००६ मध्ये बंद झाली, पण त्याआधी या खड्ड्याने प्राचीन बोगद्यांचा मोठा भाग खाऊन टाकला होता. त्यानंतर एका कॅनडियन कंपनीने सायनाइड वापरून चार डोंगर उकरायची योजना आणली. गावातली किती तरी घरं विकत घेऊन रिकामी केली गेली. २०१३ च्या शरदात बुखारेस्ट, क्लुजसारख्या शहरांत हजारो लोक रस्त्यावर आले. २०२१ मध्ये गाव युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, त्याच वेळी धोक्यातल्या वारशाच्या यादीतही. कंपनीने भरपाईसाठी केलेला आंतरराष्ट्रीय दावा मार्च २०२४ मध्ये फेटाळला गेला. कंपनीची बाजू घेणारे गावकरी तेव्हाही होते, आजही आहेत. खाण गेल्यावर घर कसं चालवायचं हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून तिथे वाद घालू नका, खर्च करा. गावातच राहा, गावातच जेवा. इथल्या बाया घरी मेरिनो लोकर विणतात, ‘मेड इन रोशिया मोंताना’ नावाने विकतात. मोजे आणि टोप्या तिथून घ्या.

पाण्यात बुडालेलं ज्यामाना गाव बघायला जावं का, असं विचारतात. जवळच्या रोशिया पोयेनि तांब्याच्या खाणीतला गाळ १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे सोडला गेला, आणि वर चर्चचा मनोरा तेवढा राहिला. फोटोसाठी म्हणून जाऊ नका. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी बुचुमजवळच्या देतुनाता गोआलावर चढा. बेसॉल्टचे खांब ओळीने उभे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितलेल्याला ते लगेच ओळखीचे वाटतील, कारण दोन्ही लाव्हा थंड होताना तडकून झालेले.

वेळ उरला तर आब्रुदहून ब्रादकडे निघा. तिथल्या सोन्याच्या संग्रहालयात निसर्गतः घडलेले सोन्याचे नमुने आहेत : पानांसारखे, तारांसारखे, एक तर हुबेहूब सरड्यासारखा. खनिजप्रेमींनी इथे दोन तास धरावेत. क्रिशानचं गाव ब्रादच्या जवळच आहे, आणि पुढे त्सेबेआला आव्राम यान्कुची कबर. १८४८-४९ मध्ये या डोंगरांचा बचाव करणारा हा वकील, जन्म १८२४, मृत्यू १८७२. ब्रादहून देवा चाळीस किलोमीटरांच्या आत आहे आणि तिथे महामार्ग लागतो. दुपारी तीनच्या आत ब्राद सोडलंत तर घाट उजेडात उतरून होतो.