पन्नाशी नाहीतर एकसष्टी असेल तर हॉल बुक करायच्या आधी हे वाचा

आमच्या आबांच्या एकसष्टीला आम्ही हॉल, केटरिंग सगळं कॅन्सल केलं अन सरळ धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्ग किल्ल्यावर गेलो, लई भारी झालं. बोरी नदीवर बांध घातलाय अन त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल, पाऊस चांगला झाला की दोन्ही बाजूनं नर-मादी धबधबे पडतात अन आपण मधल्या खिडकीत उभं राहायचं, तोंडावर तुषार. १६१३ चं काम आहे हे, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं.

पण एक, तारखेला चिटकून बसू नका. वाढदिवस मे मधला असला तर उन्हात म्हाताऱ्या माणसाला किल्ला दाखवायचा का? सप्टेंबरात करा की. निघायच्या आधी तिथल्या कुणाला तरी फोन करून धबधबे चालू आहेत का विचारा, पाऊस कमी झाला तर पडत नाहीत. गुडघे दुखत असतील तर किल्ल्यातल्या उंच उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या सोडून द्या, पाणीमहालच पुरे.

जानेवारीतला वाढदिवस असेल तर मग किल्ला-बिल्ला राहू द्या, ओळखीच्या शेतात आगटी पेटवा, गरम हुरडा तळहातावर चोळून द्या आधी उत्सवमूर्तीला, सोबत शेंगदाण्याची चटणी अन गूळ. केक आमच्या आबांनी तसाबी खाल्ला नसता, शुगर आहे त्यांना.