एक-रेणू जंक्शन: ‘रचनेचा परिणाम’ म्हणण्याआधी या चुका टाळा

रेणू बदलला, कंडक्टन्स (वीज किती सहज वाहते याचं माप) बदलला, म्हणजे कारण रचनाच, असं मानून मोकळं होणं सगळ्यात महागात पडतं. ब्रेक जंक्शनमध्ये, म्हणजे सोन्याचा संपर्क ताणून तोडायचा आणि त्या फटीत रेणू अडकवायचा या मांडणीत, तुम्ही नुसता रेणू मोजत नाही. दोन्ही टोकांचं सोनं, अँकर ग्रुप (रेणूला सोन्याशी जोडणारं टोक) आणि अ‍ॅम्प्लिफायर हेही त्याच आकड्यात मिसळलेले असतात.

आधी नुसत्या सोन्याचे ट्रेस (जंक्शन ताणताना कंडक्टन्स कसा उतरतो त्याचे आलेख) घ्या. जोडणीत एकच अणू उरला की प्लॅटो (आलेखातली सपाट पायरी) जी-शून्यवर (कंडक्टन्सचं क्वांटम एकक), म्हणजे ७७.५ मायक्रोसीमेन्सवर (१२.९ किलोओहम) यायला हवा. तो जी-शून्यच्या ०.११४ पटीवर बसला असेल तर सर्किटमधला १०० किलोओहमचा सिरीज रेझिस्टर वजा करायचा राहिलाय: १२.९ भागिले ११२.९. ही चूक लपून राहते, कारण रेणूचा कंडक्टन्स हजारपट कमी असतो आणि तिथे फरक एक टक्काही पडत नाही.

अँकर बदलून रचनेची तुलना करू नका. एकाला थायॉल (गंधकाचं टोक), दुसऱ्याला अमाईन (नायट्रोजनचं टोक), आणि निष्कर्ष मधल्या साखळीबद्दल, हे चालत नाही. २००६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने बायफेनिलवर (एकमेकांना जोडलेली दोन बेंझिन वलयं) काम केलं तेव्हा सगळीकडे अमाईनच ठेवलं आणि फक्त वलयांमधला पीळ बदलला. म्हणूनच कंडक्टन्स त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे जातो हे स्पष्ट दिसलं. ६० अंश पीळ म्हणजे सपाट रेणूच्या साधारण चौथा हिस्सा.

‘मेटा रेणू जोडलाच जात नाही’ हेही घाईचं निदान. मेटा जोडणीत वलयावरची दोन टोकं पॅरासारखी समोरासमोर नसतात, मध्ये एकच कार्बन सोडून असतात; तिथे इलेक्ट्रॉनचे मार्ग एकमेकांना मारतात, त्यामुळे टोकांमधलं अंतर पॅरापेक्षा कमी असूनही कंडक्टन्स कितीतरी खाली जातो. १०० मिलिव्होल्ट बायसला (लावलेल्या व्होल्टेजला) जी-शून्यचा दहा लाखावा भाग म्हणजे जेमतेम ७.७५ पिकोअँपिअर. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज तेवढाच असेल तर प्लॅटो आहे, फक्त दिसत नाही. सोल्व्हंट टाकून, रेणू न टाकता एक हिस्टोग्राम (कुठला कंडक्टन्स किती वेळा आला त्याचा आलेख) काढा. नॉइजची पातळी तिथेच कळते.

सेटअपची परीक्षा अल्केन डायअमाईनवर (कार्बनची साधी साखळी, दोन्ही टोकांना अमाईन) घ्या. दर कार्बनमागे कंडक्टन्स सुमारे ४० टक्क्यांवर येतो, म्हणजे ब्युटेनवरून (चार कार्बन) हेक्सेनवर (सहा कार्बन) जाताना साधारण सहापट घट. घट नीट येत नसेल तर बाटलीकडे बघा. हेक्सेन डायअमाईन ४० अंशांच्या आसपास वितळतं. नागपुरात मे महिन्यात, एसी नसलेल्या स्टोअररूममध्ये, हिवाळ्यातले खडे पातळ झालेले दिसतील. त्यात बिघाड काही नाही. बिघाड आहे तो सैल झाकणात: हे अमाईन हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि वर पांढरा थर धरतं. तसंच हायड्रोक्लोराइड सॉल्ट थेट वापरू नका. प्रोटॉन लागलेल्या नायट्रोजनकडे सोन्याला द्यायला मोकळी जोडी नसते, आधी तो प्रोटॉन काढून फ्री बेस करून घ्या.

खोलीत कूलर नको. पंख्याचा थरथराट आणि दमट हवा दोन्ही ट्रेसमध्ये उतरतात. एसी लावला तरी तापमान स्थिर होईपर्यंत थांबा, नाहीतर पायझो (टोकं हलवणारा स्फटिक) सरकत राहतो.

आणि ‘छान’ ट्रेस हाताने निवडू नका. काही हजार ट्रेस जसेच्या तसे हिस्टोग्राममध्ये टाका. गाळायचेच असतील तर निकष मोजण्याआधी ठरवा आणि नुसत्या सोल्व्हंटच्या ट्रेसनाही तोच लावा. तिथेही शिखर उगवलं, तर ते रेणूचं नाही, तुमच्या चाळणीचं आहे.