होमस्टेच्या फेसबुक पेजचा ताबा कुणाकडे?
तारकर्लीत होमस्टेचं पेज बहुतेक वेळा पुतण्याच काढून देतो. पुढे तो नोकरीला मुंबईला जातो आणि ऐन मे महिन्यात बुकिंगच्या मेसेजना उत्तर द्यायला कुणी नसतं. म्हणून 'फुल कंट्रोल', म्हणजे पेजचे सगळे अधिकार, मालकाच्या स्वतःच्या खात्यावर हवंच, शिवाय घरातल्या आणखी एकाकडे. मोबाइल खाडीत पडायला वेळ लागत नाही.

प्रोफाइलवरून पेजवर स्विच करा, सेटिंग्जमध्ये 'पेज अ‍ॅक्सेस' उघडा, नाव शोधून जोडा, आपला फेसबुकचा पासवर्ड टाका. समोरच्याने आमंत्रण स्वीकारेपर्यंत काही होत नाही. फोटो टाकणाऱ्या पोराला कामापुरता 'टास्क अ‍ॅक्सेस' पुरे. 'फुल कंट्रोल'चं बटण चुकून चालू राहिलं, तर तो मालकालाही काढू शकतो! टू-फॅक्टर, म्हणजे लॉगिनला पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, 'फुल कंट्रोल' असलेल्या दोघांनीही लावा. काम सोडलेल्याचं नाव त्याच दिवशी काढा.