विमान दिसलं म्हणून घरी थांबू नका: ऑस्ट्रेलियातल्या वणव्यात या चुका टाळा

सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्सकडे किंवा मेलबर्नजवळच्या डँडेनाँग टेकड्यांकडे घर घेतलेल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर उन्हाळ्यात एक व्हिडिओ हमखास फिरतो. बोइंग ७३७ पोटातून लालभडक पाऊस सोडतंय, आणि खाली कुणीतरी लिहितं, ‘आता काळजी नको.’ पहिली चूक हीच.

विमान एकट्याने वणवा विझवत नाही. त्यातलं रिटार्डंट म्हणजे खतांत असतात तसले अमोनियमचे क्षार घातलेलं पाणी. ते बहुतेक वेळा ज्वाळांवर नाही, तर आगीच्या वाटेवरच्या झाडोऱ्यावर पट्ट्याने टाकतात. आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतं, तशीच ही वरून मारलेली जाळरेषा. आधीचा पट्टा कुठे संपला ते पुढच्या वैमानिकाला दिसावं म्हणून त्यात लोहाच्या ऑक्साइडचा लाल रंग असतो. मागून बंब आणि बुलडोझर पोचले नाहीत, तर ठिणग्या पट्ट्यावरून उडून पलीकडे पेट घेतात. विमानाने मिळतो तो वेळ.

म्हणूनच ‘मोठं विमान का पाठवत नाहीत?’ हा संतापही बऱ्याचदा चुकीचा. ७३७ मध्ये १५,००० लिटर मावतात खरे, पण त्याला लांब धावपट्टी लागते आणि प्रत्येक फेरीला भरून यायला वेळ जातो. फवारणीच्या विमानांच्या घराण्यातलं एअर ट्रॅक्टर ८०२ जेमतेम ३,००० लिटर नेतं, पण जवळच्या लहानशा धावपट्टीवरून उडतं. व्हिक्टोरियात धोक्याच्या दिवशी आगीचा पहिला फोन येताच बंबांबरोबर विमानंही सुटतात. आग लहान असतानाच्या या फेऱ्या मला संध्याकाळच्या बातम्यांतल्या अजस्र विमानापेक्षा जास्त मोलाच्या वाटतात.

वाऱ्याचा हिशेब न धरणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. ज्या दिवशी वणवा सर्वांत भयानक, नेमका त्याच दिवशी वारा इतका असतो की टाकलेलं पाणी विखरून जातं किंवा विमानं उडतच नाहीत. ७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये वाऱ्यामुळे विमानं खाली ठेवावी लागली. २३ जानेवारी २०२० ला न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळ आग विझवणारं सी-१३० हर्क्युलिस विमान कोसळून त्यातले तिघे अमेरिकन कर्मचारी गेले. मोठ्या विमानाच्या पुढे राहून वाट दाखवणाऱ्या छोट्या विमानाला इथे ‘बर्डडॉग’ म्हणतात. त्या दिवशी बर्डडॉगच्या वैमानिकाने हवा पाहून जायला नकार दिला होता. तेव्हा निघायचं कधी हे आकाशाकडे बघून ठरवू नका. ‘कॅटास्ट्रॉफिक’ म्हणजे वणव्याच्या धोक्याचा सर्वांत वरचा दर्जा जाहीर झाला, की आग लागण्याआधीच निघा.

गाडी रस्त्याकडेला लावून शूटिंग करणारे वेगळेच. बर्डडॉग खालून एक चक्कर मारून गेलं, की मागोमाग मोठं विमान येतं, आणि १५ टन द्रव खाली येतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात फार खालून टाकलेल्या अशा माऱ्याने झाडाचा शेंडा मोडून एका अग्निशामकाचा जीव गेला. तुमच्या शेततळ्यातून हेलिकॉप्टर पाणी उचलत असेल तर दूर राहा. शक्य असेल तर ताडपत्री, ट्रॅम्पोलिन असलं उडणारं सामान आधीच बांधून टाका.

ड्रोन तर उडवूच नका. जानेवारी २०२५ मध्येच लॉस एंजेलिसच्या आगीवर पाणी टाकणाऱ्या कॅनडेअर विमानाच्या पंखाला एका हौशी ड्रोनने भोक पाडलं आणि ते विमान काही दिवस बाद झालं.

आणि घरावर लाल रंग पडलाच तर? लगेच पाइप लावून छप्पर धुवायला धावू नका. पावसाच्या पाण्याची टाकी असेल तर पन्हळीतून टाकीत जाणारा पाइप आधी सोडवा, मग धुवा. मात्र फार दिवस लांबणीवर टाकू नका, वाळलेला थर निघायला जास्त त्रास देतो. लाकडावर जोरदार प्रेशर वॉशर मारला तर रंग आणखी आत मुरतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश बरा. धुण्याचं पाणी माशांच्या तळ्यात किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका, जलचरांना ते घातक आहे. परसातली भाजी नीट धुतल्याशिवाय खाऊ नका. टाकीत लाल पाणी आधीच उतरलं असेल तर ते पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका. टाकी उपसून, धुऊन मगच पाइप परत जोडा.